जे नाही, ते कारण असते का?

कारण म्हणजे काय, या प्रश्नात एक अवघड पोटप्रश्न दडलेला आहे. एखादी वस्तू तिथे नसणे हेही कार्याचे कारण ठरू शकते का? बी, माती आणि पाणी ही अंकुराची कारणे आहेत, याविषयी कोणाचा वाद नाही. पण मातीत वाळवी नव्हती, हेही अंकुराचे कारण म्हणायचे का? मीमांसक, नैयायिक आणि योगदर्शनाचे आचार्य यांनी या प्रश्नाला तीन वेगवेगळी उत्तरे दिली. पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनाही तो टाळता आला नाही. रोजच्या व्यवहारात हा प्रश्न जितका नेमका बिनकिल्लीच्या, बटणावर सुरू होणाऱ्या मोटारीत दिसतो, तितका क्वचितच कुठे दिसत असेल. अशी गाडी अडून बसते तेव्हा इंजिन, पेट्रोल आणि बॅटरी हे सगळे कित्येकदा शाबूत असते. तरीही कार्य घडत नाही. ते का घडत नाही, याचा शोध घेता घेता कारणाच्या स्वरूपाचाच शोध घ्यावा लागतो.

गाडीची घडण

बिनकिल्लीच्या गाडीत मालकाच्या खिशातला रिमोट आणि गाडी यांच्यात एक लहानसा संवाद चालतो. सुरू करण्याचे बटण दाबले की गाडीच्या आत बसवलेल्या अँटेना सुमारे १२५ किलोहर्ट्झच्या क्षीण चुंबकीय लहरींनी हाक देतात. या लहरींचा जोर अंतर वाढेल तसा फार झपाट्याने घटतो, त्यामुळे हाक मीटर-दीड मीटरच्या पलीकडे नीट पोहोचत नाही. हाक ऐकली की झोपलेला रिमोट जागा होतो. गाडीने त्या हाकेत एक यादृच्छिक संख्या पाठवलेली असते. रिमोट आपल्या जवळच्या गुप्त संकेताने तिच्यावर गणित करतो आणि आलेले उत्तर दुसऱ्या, बऱ्याच उंच वारंवारितेवर परत पाठवतो. भारतात आणि युरोपात ती बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास असते. गुप्त संकेत स्वतः कधीच हवेतून जात नाही.

उत्तर बरोबर आले तर गाडीतले इमोबिलायझर बाजूला होते. इमोबिलायझर म्हणजे इंजिनाच्या संगणकावर बसवलेले कुलूप. ते उघडेपर्यंत इंधनाचा फवारा आणि ठिणगी यांना परवानगी मिळत नाही, आणि बटणाच्या बऱ्याच गाड्यांत सेल्फसुद्धा फिरत नाही. याखेरीज ब्रेकचे पेडल दाबलेले हवे, गिअरच्या गाडीत क्लच दाबलेला हवा आणि ऑटोमॅटिक गाडी ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’मध्ये हवी. एवढे जुळले की १२ व्होल्टची बॅटरी सेल्फला शंभर अँपियरहून अधिक प्रवाह पुरवते आणि इंजिन धरते.

रिमोटचा सेल पूर्ण संपला तरी मार्ग बंद होत नाही. रिमोटमध्ये स्वतःची वीज न लागणारी एक चकतीही असते. रिमोट बटणाला किंवा कंपनीने नेमून दिलेल्या जागेला टेकवला की गाडीतल्या वेटोळ्यामुळे चकतीच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. ती वीज चकतीला आपली ओळख पटवून देण्यापुरती पुरते. दारासाठी रिमोटच्या पोटात धातूची लहान किल्ली लपवलेली असते.

या रचनेतली एक गोष्ट तत्त्वविचाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. रिमोट इंजिनाला कणभरही ऊर्जा देत नाही. इंजिन फिरवणारी सगळी शक्ती बॅटरीतून आणि इंधनातून येते. तरीही रिमोट नसेल तर इंजिन फिरत नाही. मग कारणांच्या यादीत रिमोटची जागा कोणती?

कारण आणि कारणसामग्री

न्यायदर्शनात कारणाची व्याख्या नेमकी आहे. जे कार्याच्या आधी नियमाने असते आणि ज्याला वगळून कार्याची उपपत्ती लागत नाही, ते कारण. यातली दुसरी अट मोलाची आहे. कार्याच्या आधी नियमाने असणाऱ्या पुष्कळ गोष्टी कारण नसतात. नैयायिक अशा गोष्टींना ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. घटासाठी दंड हे कारण आहे, पण दंडाचा रंग कारण नाही. कुंभाराचे चाक कारण आहे, पण माती वाहून आणणारे गाढव कारण नाही, कारण माती दुसऱ्या मार्गाने आली तरी घट होतोच. आधी असणे एवढ्यावर कारणत्व ठरत नाही.

दुसरे म्हणजे, कोणतेही कार्य एकट्या कारणाने घडत नाही. सर्व कारणांचा एकत्र मेळ म्हणजे ‘सामग्री’. सामग्री पूर्ण झाली की कार्य घडतेच आणि तिच्यातले एकही कमी असेल तर कार्य घडत नाही. गाडी सुरू होण्याला बॅटरी, सेल्फ, इंधन, ठिणगी, दाबलेले पेडल आणि ओळखलेला रिमोट असा मेळ लागतो. ‘बॅटरी चांगली आहे, मग गाडी सुरू का होत नाही?’ हा गॅरेजमध्ये वारंवार ऐकू येणारा प्रश्न एका कारणालाच सामग्री मानण्यातून उपजतो. बॅटरी असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही.

न्यायदर्शन कारणांचे समवायी, असमवायी आणि निमित्त असे तीन प्रकार मानते. घटात माती समवायी कारण आहे आणि कुंभार निमित्त कारण. माती गेली तर घट उरत नाही. कुंभार निघून गेला तरी घट तसाच राहतो. रिमोट या अर्थाने निमित्त कारणांच्या बाजूचा आहे. इंजिन सुरू असताना मालक रिमोट खिशात घेऊन उतरला, तर गाडी इशारा देते पण इंजिन बंद करत नाही. चालत्या गाडीत केवळ रिमोटचा संपर्क तुटला म्हणून इंजिन थांबले, तर ते जीवघेणे ठरेल. म्हणून रचनाकारांनी रिमोटची गरज उत्पत्तीपुरती ठेवली आहे, स्थितीसाठी नाही. याचा उलटा फटकाही बसतो. एकाने गाडी सुरू करून दिली आणि रिमोट घेऊन तो घरी गेला, तर दुसरा ती चालवत दूरवर पोहोचतो आणि बंद केल्यावर त्याला ती पुन्हा सुरू करता येत नाही.

मणी आणि अग्नी

आता मूळ प्रश्न. या वादाचे शास्त्रांतले ठरलेले उदाहरण अग्नीचे आहे. अग्नी इंधनाला जाळतो. पण एक विशिष्ट मणी जवळ ठेवला तर तोच अग्नी जाळत नाही, असे मानले जाई. मणी दूर केला की तो पुन्हा जाळू लागतो. अग्नी दोन्ही वेळी तोच, इंधनही तेच. मग फरक कशाने पडला?

प्राभाकर मीमांसकांचे उत्तर असे की डोळ्यांना दिसणाऱ्या अग्नीखेरीज त्याच्यात दाह करण्याची ‘शक्ती’ असते आणि ती स्वतंत्र पदार्थ आहे. मणी आला की शक्ती नाश पावते किंवा कुंठित होते. मणी गेला की ती पुन्हा उत्पन्न होते. या उत्तरामागची प्रेरणा साधी आणि सबळ आहे. वस्तू तीच असून कार्य वेगळे होत असेल, तर वस्तूच्या आत काहीतरी बदलले असले पाहिजे.

उदयनाचार्यांनी दहाव्या-अकराव्या शतकात ‘न्यायकुसुमांजली’मध्ये याचे खंडन केले. त्यांचे म्हणणे असे की भावपदार्थ जसा कारण असतो, तसा अभावही कारण असू शकतो. अभाव हे कार्य असू शकते, हे तर मान्यच आहे. घट फुटला म्हणजे त्याचा ध्वंस उत्पन्न झाला, आणि ध्वंस हा अभावच. जो कार्य होऊ शकतो त्याला कारण होण्यास मज्जाव का? मणी नसणे हा दाहाच्या सामग्रीचा एक घटक आहे. मणी आला की तो घटक गेला, सामग्री अपुरी पडली, म्हणून दाह झाला नाही. अग्नीच्या आत काहीही नष्ट झाले नाही. असे मानले म्हणजे क्षणाक्षणाला नष्ट होणाऱ्या आणि पुन्हा जन्मणाऱ्या अदृश्य शक्तींची मालिका कल्पावी लागत नाही. कमी कल्पनेत काम भागते. यालाच नैयायिक ‘लाघव’ म्हणतात.

मीमांसकांकडे याला चोख प्रत्युत्तर होते. मणी जवळ असताना दुसरा एक ‘उत्तेजक’ मणी आणून ठेवला तर अग्नी पुन्हा जाळू लागतो. म्हणजे मणी असूनही दाह होतो. मग मणी नसणे हे दाहाचे कारण कसे? नियम तिथेच मोडला. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचानन यांच्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त या आक्षेपाचे उत्तर ग्रंथाच्या आरंभीच येते. नुसता मण्याचा अभाव हे कारण नाही. उत्तेजक नसलेल्या मण्याचा अभाव हे कारण आहे. मणी मुळातच नसेल तरी असा अभाव असतो, आणि मणी असून सोबत उत्तेजक असेल तरीही असतो, कारण ‘उत्तेजकाविना असलेला मणी’ तिथे नसतो.

इमोबिलायझर आणि उत्तेजक

हा वाद शाळेतल्या पंडितांची शब्दकसरत वाटू शकतो. पण बिनकिल्लीच्या गाडीत तो अक्षरशः यंत्रात उतरवलेला आहे. इमोबिलायझर हा प्रतिबंधक मणी आहे, आणि रिमोटचे बरोबर उत्तर हा उत्तेजक आहे. १९८० च्या दशकातल्या साध्या गाडीत इमोबिलायझर नव्हतेच, त्यामुळे तारा जोडल्या तरी इंजिन सुरू होई. आजच्या गाडीत ते आहे, पण योग्य रिमोट जवळ असेल तर इंजिन सुरू होते. या दोन गाड्यांत समान काय आहे? ‘उत्तर न मिळालेले कुलूप’ दोन्हींत नाही. मुक्तावलीने सांगितलेला विशिष्ट अभाव तो हाच.

येथे कोणी म्हणेल की रिमोटचे उत्तर ही प्रत्यक्ष घडणारी गोष्ट आहे. तिलाच सरळ कारण म्हणावे, अभावाची उठाठेव कशाला? याचे उत्तर व्यतिरेकाने, म्हणजे एकेक गोष्ट वगळून पाहिल्याने, मिळते. तेच इंजिन इमोबिलायझरशिवाय बसवले तर रिमोटच्या उत्तराविना सुरू होते. इंधन काढून घेतले तर मात्र कोणत्याच गाडीत ते सुरू होत नाही. म्हणजे उत्तराची गरज इंजिनाच्या स्वभावातून आलेली नाही, ती कुलपामुळे आलेली आहे. ज्याची गरज केवळ अडथळ्यामुळे निर्माण होते, त्याचे काम अडथळा निष्प्रभ करणे एवढेच असते. इंजिनाच्या सामग्रीत खरा घटक आहे तो अडथळ्याचा अभाव.

शक्तीचा पक्ष मात्र सर्वस्वी फोल नाही. गाडी सुरू न होण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखता येतात आणि त्यांतला एक मीमांसकांच्या बाजूने बोलतो. रिमोटमधला तीन व्होल्टचा चपटा सेल झिजला की त्याचा आवाका दिवसेंदिवस कमी होत जातो. आधी दुरून दार उघडणे बंद होते, मग जवळ यावे लागते, मग जवळ येऊनही काही होत नाही. इथे खरोखरच काहीतरी क्षीण झाले आहे. दुसऱ्या प्रकारात रिमोट आणि मोबाइल एकाच खिशात असतात, किंवा रिमोट चालू चार्जरला खेटून पडलेला असतो. त्यांच्या विद्युत गोंगाटात गाडीची क्षीण हाक बुडून जाते. मोबाइल दोन वितींवर ठेवला की गाडी तत्काळ सुरू होते. सेल आधी जितका होता तितकाच आहे. इथे शक्ती मेली आणि पुन्हा जन्मली असे म्हणणे कृत्रिम आहे. आड आलेले दूर झाले, एवढेच घडले. झिजलेल्या सेलची क्षीणताही नैयायिकाला अडचणीची नाही. सेलच्या आतल्या द्रव्यांची अवस्था बदलली, असे तो म्हणेल. त्यासाठी शक्ती नावाचा वेगळा पदार्थ लागत नाही.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातही हा भेद अलीकडे बारकाईने तपासला गेला. सी. बी. मार्टिन यांनी १९९४ मध्ये अशा एका काल्पनिक उपकरणाची चर्चा केली, की जे स्पर्श होताच तारेचा वीज वाहण्याचा स्वभावच पालटून टाकते. त्यानंतर स्वभाव नष्ट होणे आणि स्वभाव शाबूत राहून झाकला जाणे, असे दोन प्रकार त्या चर्चेत वेगळे मानले जाऊ लागले. मण्याने शक्ती नष्ट होते म्हणणारा मीमांसक पहिल्या प्रकाराकडे झुकतो, नैयायिक दुसऱ्याकडे.

पाटाचे पाणी

तिसरे उत्तर योगदर्शनाचे आहे. पतंजलींच्या योगसूत्रांच्या चौथ्या पादाच्या आरंभी असा विचार येतो की निमित्त प्रकृतीला प्रवृत्त करत नाही. ते फक्त आड आलेले आवरण भेदते, शेतकऱ्यासारखे. शेतकरी पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात ओढून नेत नाही. तो बांध फोडतो आणि पाणी आपोआप वाहते. या मते अडथळा दूर होणे हे कारण नव्हेच. कार्य वस्तूच्या स्वभावात आधीपासून आहे. बांध फुटला की ते प्रकट होते.

हे उत्तर मोहक आहे, आणि जिथे वस्तूला स्वतःची ओढ आहे तिथे ते लागूही पडते. गाडीला मात्र ते पुरत नाही. रिमोट जवळ आला, दारही उघडले, तरी बटण दाबेपर्यंत इंजिन निश्चल राहते. बटण दाबून इमोबिलायझर उघडले तरी सेल्फने फिरवल्याशिवाय ते स्वतः फिरत नाही. बांध फुटला आणि पाणी वाहिले, इतके सोपे इथे नाही. प्रतिबंधकाचा अभाव हे खरे कारण आहे, पण पुरेसे कारण नाही. न्यायदर्शनातली सामग्रीची कल्पना हे दोन्ही एकाच वेळी सांगू शकते, म्हणून या ठिकाणी तिचे बळ अधिक आहे.

अभावांची गर्दी

अभावाला कारण मानण्यावर एक मोठा आक्षेप राहतो. नसलेल्या गोष्टींना अंत नाही. आज गाडी सुरू झाली ती रिमोटजवळ मोबाइल नव्हता म्हणून, टाकीत पाणी नव्हते म्हणून, बॉनेटवर झाड कोसळले नव्हते म्हणून, उंदराने तारा कुरतडल्या नव्हत्या म्हणून. ही सगळी कारणे मानली तर प्रत्येक कार्याला अनंत कारणे होतील आणि ‘कारण’ या कल्पनेला काही अर्थच उरणार नाही. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ च्या ‘अ सिस्टिम ऑफ लॉजिक’ या ग्रंथात ही स्थिती सरळ मान्य केली. त्यांच्या मते कारण म्हणजे भावरूप आणि अभावरूप सर्व अटींची बेरीज. एकीला निवडून कारण म्हणणे ही बोलण्याची सोय.

न्यायदर्शन इथे अधिक शिस्त पाळते. अभाव म्हणजे नुसती पोकळी नव्हे. प्रत्येक अभाव कशाचा तरी असतो आणि कुठे तरी असतो. ज्याचा अभाव तो ‘प्रतियोगी’, जिथे अभाव तो ‘अनुयोगी’. हे दोन्ही सांगितल्याशिवाय अभावाचे विधान पूर्ण होत नाही. शिवाय प्रतिबंधक कोणाला म्हणायचे, यालाही कसोटी आहे. बाकीची सामग्री पूर्ण असताना जे आले म्हणजे कार्य थांबते आणि गेले म्हणजे कार्य घडते, तेच प्रतिबंधक. ज्याने कार्य थांबते असे कधीच आढळत नाही, त्याच्या अभावाला कारणत्व नाही. अनंत अभावांची वेगळी यादीही करावी लागत नाही. ‘प्रतिबंधकाचा अभाव’ या एका रूपाने ते सामग्रीत येतात.

व्यवहारातली निवड मात्र वेगळ्या तत्त्वावर होते. एच. एल. ए. हार्ट आणि टोनी ऑनरे यांनी १९५९ मध्ये ‘कॉझेशन इन द लॉ’ या ग्रंथात दाखवले की माणूस सहसा नेहमीच्या स्थितीतून ढळलेल्या गोष्टीला कारण म्हणतो आणि बाकीच्यांना परिस्थिती. मोबाइल एरवी दुसऱ्या खिशात असतो. आज तो रिमोटला चिकटला, म्हणून तो ‘कारण’. ही निवड चुकीची नाही. ती जगाच्या रचनेबद्दल कमी आणि दुरुस्ती कुठे करायची याबद्दल जास्त सांगते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

न दिसणे आणि नसणे

गाडी अडते तेव्हा पुष्कळदा पडद्यावर रिमोट आढळला नसल्याचा संदेश येतो. मालकाचा हात खिशाकडे जातो, रिमोट तिथेच असतो, आणि गाडी खोटे बोलते आहे असे त्याला वाटते. वास्तविक गाडी आपल्या ज्ञानाच्या मर्यादेतच बोलत असते. रिमोट आढळला नाही, एवढेच ती सांगते. त्यावरून रिमोट नाही असा निष्कर्ष केव्हा काढता येतो, हाही जुना प्रश्न आहे.

सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी अभावाच्या ज्ञानासाठी ‘अनुपलब्धि’ हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी अभाव इंद्रियांनीच कळतो असे म्हटले, पण अनुपलब्धीचे साहाय्य त्यांनाही लागते. दोन्ही परंपरांनी घातलेली अट एकच आहे. वस्तू असती तर ती आढळलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात जमिनीवर घट दिसला नाही, तर घट नाही असे म्हणता येते. अंधारात तसे म्हणता येत नाही. मोबाइलच्या गोंगाटात रिमोट न आढळणे हे अंधारात घट न दिसण्यासारखे आहे. ती योग्य अनुपलब्धी नव्हे. म्हणून बिनकिल्लीच्या गाडीने न आढळण्यावरून कायमचा निर्णय न करता बटणाला टेकवण्याची दुसरी वाट खुली ठेवावी, हे ज्ञानशास्त्राच्या दृष्टीनेही योग्य आहे.

याची उलट बाजू चोरीत दिसते. झुरिक येथील ईटीएच विद्यापीठातल्या तीन संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर प्रयोग केले. एक उपकरण गाडीजवळ आणि दुसरे रिमोटजवळ ठेवून त्यांनी गाडीची हाक लांबवर पोहोचवली, आणि गाड्या उघडून सुरू करून दाखवल्या. गुप्त संकेत फोडावा लागलाच नाही. गाडीचे अनुमान असे असते : उत्तर बरोबर आले, म्हणून रिमोट जवळ आहे. हे अनुमान एका न बोललेल्या अटीवर उभे आहे. हाक मध्ये कोणी वाहून नेलेली नसावी. हेतू साध्याला सोडूनही आढळू शकत असेल, तर नैयायिक त्याला ‘सव्यभिचार’ हेत्वाभास म्हणतात. उपायही अनुमान सुधारण्याचाच आहे. नव्या रिमोटांपैकी काही उत्तराला लागलेला वेळ मोजतात. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते, त्यामुळे लांबचा वळसा वेळेत उघड होतो. ज्यांच्या गाडीत ही सोय नाही त्यांनी रिमोट धातूचे अस्तर असलेल्या बंद पिशवीत ठेवणे, म्हणजे हाक अडवण्यासाठी आपणच प्रतिबंधक घालणे. घराच्या कोनाड्यात रक्षण करणारा हाच प्रतिबंधक गाडीत बसल्यावर अडचण होतो. प्रतिबंधक म्हणून कोणतीही वस्तू स्वभावतः दुष्ट नसते. ती कोणत्या कार्याच्या संदर्भात उभी आहे, यावर सगळे अवलंबून आहे.

अन्वय-व्यतिरेक

कारण ओळखण्याची पद्धत अन्वय आणि व्यतिरेकाची. हे असले की ते होते, आणि हे नसले की ते होत नाही. अडलेल्या गाडीपाशी ही पद्धत क्रमाने वापरता येते.

बटण दाबल्यावर पडदाही उजळला नाही तर शंका १२ व्होल्टच्या बॅटरीवर आणि तिच्या टर्मिनलवर घ्यावी. पडदा उजळला पण रिमोट आढळत नसेल तर आधी आसपासचा मोबाइल आणि चार्जर दूर करावा, मग रिमोट बटणाला टेकवावा. टेकवून गाडी सुरू झाली तर सेल संशयित ठरतो. एकाच पार्किंगच्या जागेत गाडी अडते आणि दोन गल्ल्या पुढे ढकलत नेल्यावर सुरू होते, असे असेल तर दोष त्या जागेतल्या गोंगाटाचा. रिमोट ओळखला गेला पण सेल्फ लागत नसेल तर पेडल आणि गिअर पाहावे. पेडल दाबून मागचे ब्रेकचे दिवे लागत नसतील तर पेडलाचा स्विच किंवा त्याचा फ्यूज पाहावा. नुसती टिकटिक ऐकू आली तर बॅटरी उतरलेली असण्याचा संभव मोठा. सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन धरत नाही, तेव्हा शोध इंधन, ठिणगी आणि इमोबिलायझर यांच्याकडे वळतो.

या क्रमात दोन चुका नेहमी होतात. पहिली, दिवे लागतात म्हणून बॅटरी ठीक आहे असे मानण्याची. दिव्यांना काही अँपियर पुरतात, सेल्फला शंभराहून अधिक लागतात. दिवे लागणे हा इथे व्यभिचारी हेतू आहे. दुसरी चूक एकाच वेळी दोन गोष्टी बदलण्याची. मालकाने रिमोट उघडून सेल बदलला, आणि त्या खटपटीत मोबाइल शेजारच्या सीटवर ठेवला. गाडी सुरू झाली. श्रेय सेलला मिळाले, जुना पण चांगला सेल कचऱ्यात गेला, आणि दुसऱ्या दिवशी मोबाइल पुन्हा त्याच खिशात गेला. दोघांतले कारण कोण आणि अन्यथासिद्ध कोण, हे एकेक बदलल्याशिवाय ठरत नाही. मिल यांची भेदाची पद्धतही हेच सांगते. तसे न केले तर उरतो तो काकतालीय न्याय, म्हणजे निव्वळ योगायोग.

विघ्न आणि मंगल

प्रतिबंधकाचा हा विचार धर्माच्या एका प्रश्नालाही स्पर्श करतो. न्यायग्रंथांच्या आरंभी मंगलाची चर्चा येते. ग्रंथाच्या सुरुवातीला देवतेला नमन करतात, त्याचे फळ काय? जुने आचार्य म्हणत, ग्रंथाची निर्विघ्न समाप्ती. पण मग अडचण येते. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त मंगल असूनही ती त्याच्या हातून पुरी झाली नाही, आणि ज्यांत मंगल नाही असे ग्रंथही पुरे झालेले दिसतात. नव्य नैयायिकांनी दिलेले उत्तर मुक्तावलीत नोंदलेले आहे. मंगलाचे फळ विघ्नाचा ध्वंस एवढेच. ग्रंथ पुरा होतो तो बुद्धी, प्रतिभा अशा स्वतःच्या कारणांनी. महाराष्ट्रात यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांच्या ‘तर्कसंग्रहा’च्या आवृत्तीवर न्याय शिकलेल्या पिढ्यांनाही ही चर्चा पहिल्याच धड्यात भेटत आली आहे.

नवी गाडी घरी आली की तिला हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालतात. नव्यांच्या मताने पाहिले तर या पूजेत काही विसंगत नाही, आणि तिच्याकडून काय मागायचे तेही स्पष्ट होते. विघ्न दूर व्हावे, अशी प्रार्थना करावी. उतरलेली बॅटरी भरणे, सेल बदलणे, टर्मिनल घट्ट करणे ही कार्याची स्वतःची कारणे आहेत, आणि त्यांचे कर्तव्य माणसाकडेच राहते. पूजा केली म्हणून देखभाल टाळणारा प्रतिबंधकाच्या अभावालाच सामग्री समजतो. देखभाल केली म्हणून विघ्नाची शक्यताच नाकारणारा सामग्रीतला तो एक घटक विसरतो. दोघांचीही यादी अपुरी आहे.

जे नाही तेही कारण असते, हे न्यायदर्शनाचे म्हणणे म्हणूनच पटण्यासारखे आहे. मात्र त्याला तीन मर्यादा घालाव्या लागतात. तो अभाव नेमक्या वस्तूचा आणि नेमक्या ठिकाणचा असला पाहिजे. त्या वस्तूने कार्य थांबते हे अन्वय-व्यतिरेकाने दिसले पाहिजे. आणि त्या अभावाला सामग्रीतला एक घटक मानले पाहिजे, सगळी सामग्री नव्हे. कार्य अडले की काय संपले असे विचारण्याबरोबरच काय आड आले असेही विचारावे, असा या विचाराचा व्यवहारातला अर्थ आहे. पहिल्या प्रश्नाने भरपाई करता येते आणि दुसऱ्याने अडथळा काढता येतो. अडलेले कार्य पुन्हा चालू होण्याला कधी एक लागते, कधी दुसरे, आणि पुष्कळदा दोन्ही.